सागाचे न दिसणारे राखणदार

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



कीर्तन-प्रवचनाला बसणाऱ्या मंडळींना भृंग-कीटकाचा दृष्टांत ठाऊक असतो. कुंभारीण एका अळीला पकडून आपल्या मातीच्या घरात कोंडते. तिच्याभोवती गुणगुणत राहते. अळी भीतीने तिचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. ज्याचा ध्यास घ्यावा त्याचंच रूप आपण होतो, हे सांगण्यासाठी आपल्या संतांनी आणि तत्त्वज्ञांनी हा दृष्टांत शेकडो वर्षं वापरला. अध्यात्मातलं त्याचं मोल आहे तिथेच राहू द्या. मी आज त्यातल्या निरीक्षणाबद्दल बोलणार आहे. कारण निरीक्षण अगदी खरं आहे! मातीच्या घरात अळी गेली, दार लिंपलं गेलं आणि काही दिवसांनी त्याच घरातून कुंभारीण बाहेर आली. ज्याने कोणी हे प्रथम पाहिलं, त्याची नजर तीक्ष्ण होती. मधल्या काळात बंद दाराआड काय घडलं, एवढंच त्याला दिसलं नाही.

घडतं ते असं. कुंभारीण म्हणजे गांधीलमाशीच्याच गणगोतातली. ती अळीला नांगी मारून लुळी करते, जिवे मारत नाही. त्या घरात ती आपलं एक अंडं घालते आणि दार बंद करून निघून जाते. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या ताज्या अन्नावर वाढतं, कोष करतं आणि पंख फुटले की माती फोडून बाहेर येतं. अळीची कुंभारीण झालेली नसते. अळी कुंभारणीच्या लेकराच्या पोटात गेलेली असते.

कुंभारीण निदान घर तरी बांधते. तिच्या नात्यातल्या हजारो जाती असल्या खटाटोपात पडत नाहीत. त्या सरळ अळीच्या अंगातच अंडं घालतात. घरही अळीच आणि शिदोरीही अळीच. या कीटकांना आपण परोपजीवी गांधीलमाश्या म्हणतो. आपल्या रानांचं, विशेषतः सागाच्या रानांचं, त्यांच्यावाचून काय होतं आणि आपण त्यांच्याशी कसे वागतो, हा आजचा विषय आहे.

बांडगूळ नव्हे, यमदूत

परोपजीवी म्हटलं की आंब्यावरचं बांडगूळ किंवा गुरांच्या अंगावरची गोचीड डोळ्यांसमोर येते. पण बांडगूळ आणि गोचीड यजमानाच्या जिवावर जगतात, त्याला शक्यतो जिवंत ठेवून. या माश्यांचं तसं नाही. त्यांचं पिल्लू पूर्ण वाढलं की यजमान मरतोच. आणि एका पिल्लाला वाढायला सहसा एकच यजमान पुरतो. म्हणजे धड बांडगूळही नाही आणि धड वाघासारखा शिकारीही नाही, असा हा मधला प्रकार आहे.

गांधीलमाशी हे नाव ऐकून घाबरून जाऊ नका. यांतल्या बहुतेक माश्या माणसाला डसत नाहीत आणि पोळंही करत नाहीत. कित्येक तर इतक्या बारीक की आपल्याला चिलटं वाटावीत. ट्रायकोग्रामा नावाची माशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. पेन्सिलीने वहीवर दिलेल्या टिंबात ती मावेल. ती पतंगाच्या अंड्यात स्वतःचं अंडं घालते. म्हणजे अळी जन्माला येण्याआधीच संपते. दुसऱ्या टोकाला इक्न्युमॉनिड कुळातल्या लांबसडक माश्या असतात. या एका कुळातच पंचवीस हजारांच्या आसपास जाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. त्यांच्या मादीच्या शेपटाशी सुईसारखी नळी असते. पुष्कळांना ती नांगी वाटते, पण तिचं मुख्य काम अंडं घालण्याचं.

अळीही काही मुकाट्याने मरण पत्करत नाही. अंगात परकं अंडं शिरलं की तिच्या रक्तातल्या पेशी त्या अंड्याभोवती जमून त्याला कोंडून टाकतात. त्यावर काही माश्यांकडे उतारा आहे. त्या अंड्यासोबत एक प्रकारचे विषाणू अळीच्या अंगात टोचतात. हे विषाणू अळीला आजारी पाडून स्वतः पसरत नाहीत, तिची प्रतिकारशक्ती मात्र मोडून टाकतात. पहारेकऱ्याला आधी गुंगी द्यायची आणि मग घरात शिरायचं, असा हा प्रकार. आत शिरलेलं पिल्लू सुरुवातीला अळीची चरबी आणि रक्त यांवर भागवतं. हृदय, मज्जारज्जू यांना शेवटपर्यंत हात लावत नाही. अन्न ताजं राहायला हवं ना!

ब्राझीलमध्ये निलगिरीच्या लागवडीला त्रास देणाऱ्या एका अळीवर संशोधकांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. या अळीच्या अंगातून माशीची पिल्लं बाहेर पडतात आणि शेजारीच कोष करतात. अळी तेव्हा मेलेली नसते. ती खाणं सोडून त्या कोषांवर पहारा देत बसते. कोणी भक्षक ढेकूण जवळ आला तर डोकं आपटून त्याला हुसकावते. माश्या कोषातून बाहेर पडल्या की मग मरते. ज्यांनी आपल्याला आतून पोखरलं, त्यांचीच राखण!

हे ऐकून अंगावर काटा येतो. चार्ल्स डार्विनलाही आला होता. १८६० मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात त्याने याच माश्यांचं उदाहरण दिलं आणि दयाळू परमेश्वराने हे मुद्दाम निर्माण केलं असेल असं मानणं आपल्याला जड जातं, अशा अर्थाचं लिहिलं. पण क्रौर्य आणि दया हे आपले शब्द आहेत. झाडाच्या बाजूने पाहिलं तर हीच माशी देवदूत ठरते.

आणि झाडं तिला हाक मारतात, हेही आता ठाऊक झालं आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या रोपांवर प्रयोग केले. अळीने कुरतडलेलं रोप काही तासांनी विशिष्ट गंध सोडू लागतं आणि त्या गंधाच्या मागावर परोपजीवी माशी तिथे पोचते, असं त्यांना आढळलं. ब्लेडने पान कापलं तर असा गंध सुटत नाही. त्या जखमेवर अळीची लाळ लावली की सुटतो. अशा हाका पुढे इतर अनेक वनस्पतींमध्येही सापडल्या. आपल्याला शांत वाटणाऱ्या रानात प्रत्यक्षात केवढी हाकाटी चाललेली असते!

ऐन पावसाळ्यात उघडा साग

आता सागाकडे वळू. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या भागांत राहणाऱ्यांनी एक दृश्य पाहिलेलं असतं. पावसाळा सुरू होतो, सागाला मोठाली कोवळी पानं येतात, डोंगर हिरवा होतो. आणि पंधरा दिवसांत तोच डोंगर ओकाबोका दिसू लागतो. झाडाखाली उभं राहिलं तर पाऊस नसताना पावसासारखी बारीक टपटप ऐकू येते. ती अळ्यांच्या विष्ठेची असते. अळ्या तोंडातून काढलेल्या धाग्याला लोंबकळत जमिनीकडे उतरत असतात.

सागाचे प्रमुख पानखाऊ शत्रू दोन. पहिला हिब्लिया प्युरा नावाचा पतंग. याची अळी कोवळ्या पानाची कड दुमडून त्या घडीत राहते आणि शिरा तेवढ्या सोडून सगळं पान फस्त करते. दुसरा युटेक्टोना. याची अळी पानातला हिरवा गर खाते आणि बारीकसारीक शिरांचं जाळं तसंच ठेवते. पान उजेडात धरलं तर जाळीदार कापड पाहतो आहोत असं वाटतं. मध्य भारतात पहिलीचा जोर पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दुसरीचा पावसाळ्याच्या उत्तरार्धात असतो. दुसरीने धरलेलं रान लांबून करपल्यासारखं, तांबूस दिसतं. वणवा तर लागला नाही ना, असं वाटावं.

असं रान पाहून लोक हळहळतात. पण एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. या झाडांना सहसा मरण येत नाही. सागाला पुन्हा पालवी फुटते. नुकसान होतं ते वाढीचं. ज्या दिवसांत झाडाने खोडात लाकूड भरायचं, त्या दिवसांत त्याला दुसऱ्यांदा पानं घडवण्यात शक्ती घालवावी लागते. केरळ वन संशोधन संस्थेतले डॉ. के. एस. एस. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निलंबूरच्या कोवळ्या सागलागवडीत पाच वर्षं मोजमाप केलं. हिब्लियापासून वाचवलेल्या झाडांच्या तुलनेत न वाचवलेल्या झाडांची लाकडाची वाढ ४४ टक्क्यांनी कमी भरली. म्हणजे शंभर रुपये मिळायचे तिथे छप्पनच. सागाच्या लाकडाचा भाव लक्षात घेतला तर हे नुकसान किरकोळ नाही.

पाचशेतले चारशे अठ्ठ्याण्णव

आता थोडं गणित करू. हिब्लियाची एक मादी सरासरी पाचशे अंडी घालते. अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास अनुकूल हवेत तीन आठवड्यांत ते महिन्याभरात संपतो. पतंगांची संख्या पिढ्यान् पिढ्या सारखीच राहायची असेल, तर या पाचशेपैकी किती जगायला हवेत? फक्त दोन. एक नर, एक मादी. उरलेले चारशे अठ्ठ्याण्णव मेलेच पाहिजेत.

समजा, काही कारणाने दोनऐवजी दहा जगले. पाचशेत दहा म्हणजे काहीच नाही असं आपल्याला वाटेल. पण पुढच्या पिढीत पतंग पाचपट झाले. त्यातलेही असेच जगले तर पंचवीसपट. तिसऱ्या पिढीत सव्वाशेपट. म्हणजे साधारण तीन महिन्यांत एका पतंगाच्या जागी सव्वाशे! टोळधाडीसारखी येणारी ही अळी आकाशातून पडत नाही. मारणारे थोडे कमी पडले की ती वाढते.

हे चारशे अठ्ठ्याण्णव मारतं कोण? पक्षी खातात, मुंग्या नेतात, कोळी पकडतात, पाऊस झोडपतो, रोग पडतात. आणि या सगळ्यांबरोबर आपल्या माश्या असतात. त्यांनी काम वाटून घेतलं आहे, असंच म्हणावंसं वाटतं. अंड्यांवर ट्रायकोग्रामा. पानाच्या घडीत लपलेल्या अळीला सिम्पिएसिस नावाची छोटी माशी गाठते, तिला लुळी करून तिच्या अंगावर अंडी घालते. युटेक्टोनाच्या अळीवर अपँटेलिस गटातली माशी येते. अळी यांतून निसटून कोषात गेली, तर जाड मांड्यांची ब्रॅकीमेरिया कोषाला भोक पाडते. त्यातून पतंगाऐवजी माशी बाहेर पडते. घरमाशीसारख्या दिसणाऱ्या काही परोपजीवी माश्याही या कामात आहेत.

चोरावर मोर म्हणतात तसे या माश्यांवरही दुसरे परोपजीवी असतात. त्यांच्या पिल्लांच्या अंगात अंडी घालणारे! रानातला हिशेब असा एकात एक गुंतलेला असतो. त्यातलं कोणाचंही नाव सहजासहजी खोडता येत नाही.

मग अळी माजते का?

आपण विचाराल, इतके राखणदार आहेत, तर साग उघडा पडतोच का? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं पाहिजे. या माश्या सर्वशक्तिमान नाहीत. केरळात झालेल्या अभ्यासात असं दिसलं की हिब्लियाची मोठी लाट येते तेव्हा परोपजीवींचं प्रमाण फार कमी असतं. कारण लाट अचानक येते. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे पाऊस पडतात, पालवी फुटते आणि हजारो पतंग एकाच वेळी उतरून अंडी घालतात. सगळ्या अळ्या एका वयाच्या, एकाच वेळी वाढणाऱ्या. पुढचे पतंग बहुधा तिथून उडून दुसरीकडे जातात. माश्यांची संख्या वाढेपर्यंत मेजवानी उठलेली असते. आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखं ते होतं.

म्हणून त्यांचं खरं काम लाट थोपवण्याचं नाही. लाट उठण्याआधीचं आहे. इतर दिवसांत, इकडेतिकडे तुरळक अळ्या असतात तेव्हा, त्या अळ्या तुरळकच ठेवणं हे त्यांचं काम. दोनाचे दहा न होऊ देणं. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. कारण जे घडलंच नाही ते दिसणार कसं? गावात चोरी झाली नाही म्हणून गस्तवाल्याचा सत्कार कोणी करत नाही.

पण गस्त घालायची तर गस्तवाल्याला वर्षभर पोट भरायला हवं. इथेच मेख आहे. साग उन्हाळ्यात पानं झाडतो. त्या काळात सागावर अळी नाही. माशीचं आयुष्य बहुधा काही आठवड्यांचंच. मग तिने अंडी कुठे घालायची? मिश्र रानात तिची सोय असते. सागाशेजारी इतर झाडं असतात, खाली झुडपं, वेली, गवत असतं. त्यांवर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या अळ्या असतात. त्यांतल्या बहुतेक सागाला तोंडही लावत नाहीत. अनेक परोपजीवी माश्या अशा पर्यायी अळ्यांवर दिवस काढतात आणि सागाला पालवी आली की तिकडे वळतात. शिवाय प्रौढ माशीला स्वतःला मध लागतो, तो रानफुलांतून मिळतो. सागाची निव्वळ एकसुरी लागवड केली, खालची झुडपं 'साफ' केली, की शत्रूसाठी पंगत मांडलेली राहते आणि राखणदाराचं घर मात्र मोडतं.

हा विचार नवा नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम केलेले कीटकशास्त्रज्ञ सी. एफ. सी. बीसन यांनी १९३० च्या दशकातच तो मांडला होता. १९४१ मध्ये भारतातल्या वनकीटकांवर त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आजही अभ्यासक तो उघडतात. त्यांचा सल्ला साधा होता. सागाची सलग, अफाट लागवड करू नका. मधूनमधून नैसर्गिक रानाचे पट्टे राखा. परोपजीवींना आधार देणाऱ्या अळ्या ज्यांवर वाढतात, ती झाडंझुडपं ठेवा आणि सागाच्या किडीलाच आसरा देणाऱ्या वनस्पती तेवढ्या काढा. सरसकट साफसफाई करू नका.

सल्ला चांगला असला तरी तो अमलात आणणं सोपं नव्हतं. सलग लागवड मोजायला सोपी, तोडायला सोपी, हिशेबाला सोपी. आपल्या राज्यात १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झालं. त्यानंतर सागाच्या लागवडीला मोठा वेग आला. सागाने महसूल दिला, रोजगार दिला, हे मान्यच केलं पाहिजे. पण महसुलाच्या वहीत झुडपांना रकाना नसतो आणि झुडपात राहणाऱ्या माशीला तर नाहीच नाही.

फवारणीचं काय?

मग औषध का मारू नये? शेतात मारतोच की. रानात विमानातून कीटकनाशक फवारण्याचे प्रयोगही आपल्या देशात झालेले आहेत. त्यातली अडचण पाहा. हिब्लियाची अळी पानाच्या घडीत बसलेली, माशी मात्र उघड्यावर फिरणारी. औषधाचा पहिला वार तिच्यावरच होतो. उरलेल्या थोड्या अळ्यांना मग रान मोकळं मिळतं. पतंग दुसरीकडून पुन्हा उडून येऊ शकतात, माश्यांची संख्या सावरायला मात्र वेळ लागतो. शिवाय रानातलं औषध पावसाबरोबर ओढ्यात उतरतं. त्या ओढ्याचं पाणी खाली कोणीतरी पितच असतं.

त्यामुळे संशोधकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. केरळच्या संस्थेत १९८० च्या दशकात हिब्लियाच्या अळ्यांना मारणारा एक विषाणू सापडला. तो या अळीलाच बाधतो, इतरांना नाही. लाट जिथून सुरू होते ती छोटी ठिकाणं वेळीच हेरून तिथे तो फवारायचा, अशी कल्पना आहे. जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेत सागाच्या किडींसाठी ट्रायकोग्रामाचा वापर करण्यावर काम झालं आहे. ट्रायकोग्रामा आपल्या ऊस बागायतदारांना नवी नाही. खोडकिडीसाठी ते 'ट्रायकोकार्ड' बांधतात. तांदळावरच्या पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत ही माशी वाढवतात. एका कार्डावर वीस हजारांच्या आसपास अंडी असतात. मात्र उसाच्या फडात कार्ड टाचणं वेगळं आणि डोंगरभर पसरलेल्या, पन्नास-साठ फूट उंच सागावर ते पोचवणं वेगळं. शिवाय वेळ चुकली, पतंगाने अंडी घालण्याआधी किंवा अळ्या निघाल्यानंतर माश्या सोडल्या, तर सगळं मुसळ केरात. नर्सरीत आणि कोवळ्या लागवडीत हा उपाय आजमावण्यासारखा आहे. सगळ्या रानाचा भार त्यावर टाकता येणार नाही.

परदेशी पाहुणे

काही जण विचारतात, परदेशातून जबरदस्त माश्या आणून सोडल्या तर? यालाही उत्तर आहे, पण ते एका वाक्यात 'हो' किंवा 'नाही' असं देता येत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. २००८ मध्ये कोइमतूरकडे पपईवर एक परका पिठ्या ढेकूण दिसला. तो पसरत महाराष्ट्रातही आला आणि पपईच्या बागा पांढऱ्या पडल्या. ही कीड मूळची मध्य अमेरिकेकडची. तिचे शत्रू तिकडेच राहिले होते. २०१० मध्ये ॲसेरोफॅगस नावाची बारीक परोपजीवी माशी पोर्टो रिकोहून रीतसर तपासणी करून आणली गेली आणि तिने काही महिन्यांत कीड आटोक्यात आणली. शेतकऱ्यांचा फवारणीचा खर्च वाचला.

आता दुसरी बाजू. १८६९ च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनजवळच्या मेडफर्ड गावी त्रूव्हेलो नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने युरोपातून जिप्सी पतंग आणला. त्याच्या घरून अळ्या सुटल्या आणि पुढे अमेरिकेच्या ओकच्या जंगलांना त्यांनी उघडं पाडलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप आणि जपानमधून परोपजीवी आणण्याचा सपाटा लागला. जपानहून आलेली एक माशी पतंगाच्या अंड्यांवर चांगली जगली. पण तिची अंडं घालण्याची नळी आखूड. पतंगाच्या अंड्यांचा लोकरी पुंजका जाड. त्यामुळे वरच्या थरातली अंडी मरतात, आतली वाचतात. उपयोग झाला, पण अर्धामुर्धा. त्याच मोहिमेत १९०६ मध्ये युरोपातून आणलेल्या काँप्सिल्युरा या परोपजीवी माशीने तर भलतंच केलं. तिला कुठलीही अळी चालायची. जिप्सी पतंग राहिला बाजूला, अमेरिकेतल्या सुंदर रानरेशमी पतंगांच्या अळ्यांना तिने गाठलं. त्या पतंगांची संख्या घटण्यात तिचा मोठा हात असावा, असं संशोधकांनी २००० मध्ये दाखवून दिलं. भुताने भूत काढायला जावं आणि दोन्ही भुतं घरात राहावीत, तसं झालं.

या दोन गोष्टींतून एक सूत्र निघतं. कीड परकी असेल आणि तिचे शत्रू मागे राहिले असतील, तर नेमका एकाच किडीवर जगणारा शत्रू पारखून आणणं योग्य. सागाची कीड मात्र आपल्याच रानातली आहे आणि तिचे शत्रूही इथेच आहेत. त्यांना बाहेरून आणण्याची गरज नाही. जे आहेत त्यांना घालवून देऊ नये, एवढंच आपल्या हातात आहे. आणि तेवढं केलं तरी पुष्कळ आहे.

आपण काय करू शकतो?

रान राखणाऱ्यांसाठी गोष्टी स्पष्ट आहेत. लागवडीत सागाबरोबर इतर जातीही हव्यात. ओढ्याकाठचं, उतारावरचं नैसर्गिक रान पट्ट्यापट्ट्याने राखायला हवं. झुडपं सरसकट कापू नयेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वणवा. मोहासाठी, तेंदूपानासाठी किंवा नुसता बिडीचा तुकडा टाकून लावलेली आग रोपं जाळते तशी ही सारी गस्तही जाळून टाकते. मार्च-एप्रिलमध्ये पेटलेल्या डोंगराचा हिशेब जुलैमध्ये उघड्या सागावर दिसू शकतो, हे वनव्यवस्थापन समित्यांनी गावात सांगायला हवं.

ज्यांच्या शेताच्या बांधावर दहा-वीस साग आहेत, त्यांनी पावसाळ्यात पानं गेली म्हणून झाड मेलं असं समजून कुऱ्हाड चालवू नये. थांबा. पालवी येईल. बांध जाळून स्वच्छ करण्यापेक्षा त्यावर थोडं गवत, थोडी रानफुलं राहू द्या. बांधावरची माशी कपाशीत आणि तुरीतही काम करते.

शहरातल्या श्रोत्यांनाही एक काम सांगतो. कढीपत्त्यावर, लिंबाच्या रोपावर किंवा कोबीच्या पानावर एखादी मलूल अळी दिसेल. तिच्या अंगावर किंवा शेजारी तांदळाच्या कणीएवढे पांढरे-पिवळे पुंजके असतील. पुष्कळांना ती अळीची अंडी वाटतात आणि घाईघाईने चिरडली जातात. ती अंडी नाहीत. ते परोपजीवी माशीचे कोष आहेत. ती अळी आता कोणाचंही काही खाणार नाही आणि त्या कोषांतून आठवड्याभरात दहा-वीस राखणदार बाहेर पडतील. ते पान तसंच राहू द्या. मुलांना दाखवा. झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या बाटलीत ठेवलंत तर माश्या निघताना प्रत्यक्ष पाहता येतील, मग त्यांना बागेत सोडून द्या.

वाघ वाचला तर रान वाचेल, असं आपण नेहमी ऐकतो. ते खरंच आहे. पण रान रोज, पानापानाला वाचवणारे जीव टिंबाएवढे आहेत. त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर होणार नाही, त्यांचं चित्र टपाल तिकिटावर क्वचितच येईल. त्यांना फारसं काही लागतही नाही. थोडी झुडपं, थोडी फुलं, न पेटलेला उन्हाळा आणि आपला आवरलेला हात.